मागच्या बाकावरचा प्याला

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत, मास्तर आमच्या दारात यायचे. चपला उंबऱ्याबाहेर काढायचे, मायला "सलाम" म्हणायचे आणि कुणी या म्हणायची वाट न बघता आतल्या भिंतीपाशी जायचे. तिथं माझ्या वडिलांची, अप्पांची, हलगी खुंटीला टांगलेली होती. मास्तर तिच्या कातड्यावर उजवा तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून सांगावं तसं हळूच सांगायचे, "गरम हाय."

मग पाणीही न घेता चर्चकडे निघून जायचे.

हलगी गार असली की ढिली पडते, नुसती थप्प वाजते. वाजवायच्या आधी ती जाळावर शेकावी लागते, मग कातडं ताणतं आणि आवाजाला धार येते. आमची हलगी अप्पा गेल्यापासून कुणी खाली उतरवली नव्हती. भिंत उत्तरेची, तिथं ऊन येत नाही. चूल पलीकडच्या खोलीत. ती गरम असायचं काही कारण नव्हतं. मास्तर गेले की मी हात लावून बघायचे. बहुतेक वेळा गार लागायची. काही वेळा मला नक्की सांगता यायचं नाही. दोनदा मात्र मी हात झटकन मागं घेतला होता, आणि ते मी मायला सांगितलं नव्हतं.

आमचं गाव युसूफ वडगावच्या पलीकडं, रस्ता सोडून आत. वर शेतकऱ्यांची घरं, खालच्या अंगाला आमची वीस-पंचवीस ख्रिस्ती घरं आणि मधे पत्र्याचं छप्पर असलेलं दगडी चर्च. पाळकसाहेब अंबाजोगाईला राहायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोटारसायकलवर येऊन प्रभुभोजनाची उपासना घ्यायचे आणि जायचे. बाकीचे दिवस चर्च मास्तरांच्या हातात. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, म्हणून नेमलेले. पोरं त्यांना पाठीमागं 'मोशे' म्हणायची, कारण बायबलात नियमांच्या पाट्या घेऊन डोंगरावरून उतरलेला माणूस आम्हाला तेवढा एकच माहीत होता.

त्यांच्या खिशात लाकडी फूटपट्टी असायची. उपासनेआधी ते बाकांमधलं अंतर मोजायचे. दुसरी घंटा झाली की आतून कडी लावायचे; मग दारात कुणी का असेना. रविवारी दाढी नाही, विहिरीवर जाणं नाही, चूल नाही. भाकरी शनिवारचीच, गार. एवढंच असतं तर आमच्याकडं असे बरेच जुने लोक होते. पण मास्तर रविवारी घातलेलं अंडंसुद्धा खात नसत. त्यावर पेन्सिलीनं बारीक फुली मारून ते वेगळ्या वाटीत ठेवायचे आणि सोमवारी शेजारच्या मेंढरंवाल्याला द्यायचे. तो त्यांच्याच वयाचा, लहानपणी एकत्र पोहलेला, त्यामुळे त्याला भीड नव्हती.

"कोंबडीला काय ठाव बे, आज रविवार हाय ते?"

"तिला न्हाई ठाव. मला हाय ना."

"मग मी कावून खायचं?"

"तू मोकळा हायेस. खा."

"आन् तू?"

मास्तर रिकामी वाटी घेऊन आत गेले. मेंढरंवाला अंडं धोतराच्या सोग्यात बांधून हसत गेला. मी ओट्यावर शब्दार्थ पाठ करत बसले होते. ते 'आन् तू' माझ्या डोक्यात तेव्हापासून राहिलं आहे.

मी त्यांच्या ओट्यावर होते, कारण मला इंग्रजी त्यांनीच शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा पाहिली नव्हती. बारावीच्या परीक्षेला केजला ते मला स्वतः घेऊन गेले. तीन तास शाळेबाहेरच्या लिंबाखाली उभे राहिले. बसले नाहीत, कारण बसलं की माझं ध्यान ढळेल असं त्यांना वाटायचं. कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला, होस्टेलच्या बाईंना भेटून "पोरगी आमच्या मंडळीची हाय" असं त्यांनी सांगितलं. पदवीचा कागद आला तेव्हा तो त्यांनी दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघितला, खिशातली फूटपट्टी काढून खालच्या ओळीला लावली आणि म्हणाले, "साहेबांची सही वाकडी हाय." मग तोंड फिरवून डोळे पुसले.

मी आज मांजरसुंब्याजवळच्या एका शाळेत शिकवते, ते या माणसामुळे. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून त्यांच्याविषयी कुणाचं मत वाईट होऊ नये.

आमच्या चर्चमध्ये दारालगत एक बाक आहे. त्याला सगळे मागचा बाक म्हणत. मंडळीच्या नियमाबाहेर वागलेल्या माणसानं तिथं बसायचं. उपासना ऐकायची, गाणी म्हणायची, पण प्रभुभोजन घ्यायचं नाही. ज्याला परत आत यायचं असेल त्यानं कबुलीपत्रावर सही करायची आणि ते सगळ्यांसमोर वाचायचं. प्रभुभोजनाचं ताट मास्तर फिरवत. एका बाजूला चपातीचे बारीक तुकडे, दुसऱ्या बाजूला काळ्या मनुका उकळून केलेल्या रसाचे छोटे काचेचे प्याले. मागच्या बाकाच्या अलीकडे आले की मास्तर टाचेवर वळत. वळताना प्याले एकमेकांवर किणकिणत. मी बायकांच्या बाजूला माझा प्याला हातात धरून बसलेली असायचे आणि मान न वळवता मला कळायचं, की ताट अप्पांपर्यंत येऊन परत फिरलं.

असं चार वर्षं चाललं.

अप्पांचा गुन्हा एवढाच, की ते गावच्या जत्रेत हलगी वाजवत. आमच्या घराकडं ते काम आजोबांच्या आधीपासून. लग्नातल्या वाजवण्याला मास्तर काही म्हणत नसत, पण जत्रेतली हलगी मूर्तीपुढं वाजते, आणि नियम मूर्तीविरुद्धचा होता.

"मी देवापुढं न्हाई वाजवत मास्तर, माणसांपुढं वाजवतो," अप्पा म्हणायचे. "देव मागं बसलेला असतो, त्याला मी काय करू?"

मास्तरांनी त्यांच्यासाठी कबुलीपत्र स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. अक्षर असं की छापल्यासारखं. झाल्याबद्दल पश्चात्ताप होतो आणि पुन्हा असं करणार नाही, एवढाच मजकूर. अप्पांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं.

"पहिलं लिहिलंय ते एक वेळ चालंल," अप्पा म्हणाले. "दुसरं खोटं हाय. पुढच्या चैत्रात गावानं बोलावलं की मी जाणार. देवाला खोटं लिहून देऊ?"

"मग बाक सुटणार न्हाई," मास्तर म्हणाले.

"नका सोडू. मी येतच राहणार."

आणि ते येत राहिले. मला वाटतं मास्तरांना हेच जड गेलं असेल. बाकीचे लोक एक तर सही करत, नाही तर यायचं सोडत. अप्पा दर रविवारी दुसऱ्या घंटेआधी येऊन त्या बाकावर बसायचे आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायचे. पहिल्या रविवारी ताट परत फिरलं की मात्र घरी येऊन जेवत नसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "लई मन होतं गं घ्यायचं. दुसरं काय न्हाई."

मग त्यांना छातीचा आजार झाला. दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं. ऐन उन्हाळ्यात एका दुपारी अप्पांनी मास्तरांना बोलावणं धाडलं. निरोप एवढाच, की प्रभुभोजन पाहिजे.

मास्तर आजाऱ्यांसाठी असते ती लहान लाकडी पेटी घेऊन आले. खाटेजवळच्या स्टुलावर त्यांनी प्याला ठेवला, रस ओतला, बाजूला चपातीचा तुकडा ठेवला. मग पवित्र शास्त्रातून ते चार वर्षांचं कबुलीपत्र काढलं आणि पेन पुढं केलं.

अप्पा हसले. हसताना खोकले. "या हातानं हलगी धरवत न्हाई मास्तर, पेन कुठून धरू?"

"अंगठा चालंल."

अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं आणि हळूहळू मूठ मिटली. "खोटा अंगठा न्हाई देणार. तसंच द्या की."

एरवी कडी लावताना मास्तरांचा हात कधी अडखळला नव्हता, पण त्या दिवशी पेनाचं टोपण त्यांना नीट लागेना. "तसंच द्यायचा मला अधिकार न्हाई," ते म्हणाले. "पाळकसाहेबांना विचारून येतो. ते हो म्हणले की लगेच देतो. आलोच."

आमच्याकडं फोन लागतो तो फक्त शाळेमागच्या टेकाडावर. प्याला भरलेलाच होता. त्यांनी त्यावर पांढरा रुमाल घातला, मला म्हणाले, "पोरी, ध्यान ठेव," आणि गेले.

माय चुलीपाशी होती. खोलीत मी, अप्पा आणि तो प्याला. अप्पा रुमालाकडं बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "दे ना गं."

प्याला माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी पदवीधर होते, चार पुस्तकं वाचलेली होते. मी म्हणाले, "थांबा अप्पा. मास्तर आलेच."

त्यांनी परत मागितलं नाही. नुसती बोटं खाटेच्या कडेवर वाजवायला लागले. जत्रेत पालखी देवळाच्या पायऱ्या चढताना वाजवायचे तसा संथ ठेका होता, पण शेवटचा ठोका ते मुद्दाम अर्धा सोडत होते, म्हणजे पुढचं कुणीतरी पूर्ण करील असा. मी खाली बघत ऐकत राहिले. मग ठेका थांबला. मला वाटलं, डोळा लागला.

मास्तर पळत आले. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. दारातूनच सांगत होते, "साहेब म्हणले द्या! म्हणले, हे बी विचारावं लागतं का मास्तर, द्या ना—" आणि मग त्यांना अप्पा दिसले.

उरलेला रस फेकायचा नाही, मंडळीच्या वडिलांनी पिऊन टाकायचा, असा नियम आहे. मास्तरांनी रुमाल काढला, प्याला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि परत खाली घेतला. मग तो भरलेला प्याला दोन्ही हातांत धरून, थेंब न सांडता, भर उन्हात अनवाणी घरी गेले. चपला आमच्या उंबऱ्याबाहेर राहिल्या. त्या प्याल्याचं त्यांनी काय केलं ते कुणाला कळलं नाही. पेटीत त्यानंतर एक प्याला कमीच होता.

पुढच्या पहिल्या रविवारी ताट फिरत मागं गेलं. मी किणकिण ऐकायची वाट बघत होते. ती झाली नाही. मी मान वळवून बघितलं. मास्तर रिकाम्या मागच्या बाकापुढं वाकून उभे होते. बसलेल्या माणसाच्या छातीपाशी येईल एवढं ताट त्यांनी खाली धरलं होतं. तुकडा उचलायला, प्याला उचलायला, पिऊन परत ठेवायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते तसेच थांबले. मग पुढं आले, स्वतःच्या वाटणीचा प्याला उचलून न पिता बाजूला ठेवला आणि आशीर्वादासाठी मान खाली घातली. पत्र्यावर चालणाऱ्या कबुतराची नखं ऐकू येत होती.

प्याले धुवायचं काम माझ्याकडं आणि मायकडं होतं. मागून परत आलेला प्याला भरलेला असायचा, पण काठोकाठ नसायचा. एक घोट उतरलेला असायचा.

"उन्हानं आटतं," माय म्हणाली.

"पाच मिनिटांत?"

मायनं प्याला विसळून पालथा घातला. ती दर शनिवारी चर्च झाडायची. आणखी काही दिवसांनी तिनंच मला सांगितलं, की सगळ्या बाकांवर आठवड्याची धूळ बसते. मागच्या बाकावर भिंतीकडच्या बाजूला एका माणसापुरती बसत नाही.

मास्तरांची कडी मात्र गेली. दुसऱ्या घंटेनंतर दार उघडंच राहायला लागलं. एखाद्या वेळी वाऱ्यानं लोटलं गेलं तर ते प्रार्थना मधेच सोडून उठायचे आणि दाराला दगड लावून यायचे. रस्त्यानं चालताना ते डाव्या बाजूला जागा सोडून चालत. माझ्या नोकरीच्या मुलाखतीला ते मला मांजरसुंब्याला घेऊन गेले, तेव्हा एसटीत तिघांच्या बाकावर मी खिडकीशी, ते कडेला आणि मधे रिकामं. माणसं उभी होती.

"मास्तर, सरका की आत," कंडक्टर म्हणाला.

"हितं माणूस हाय."

कंडक्टर हसला. मग त्यानं मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं, मधल्या जागेकडं बघितलं, आणि हसायचा थांबला. मांजरसुंब्यापर्यंत तिथं कुणी बसलं नाही. मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. माझ्या उजव्या दंडाला शेकोटीशेजारी बसल्यासारखी ऊब लागत होती. एसटीचं इंजिन तापतं, हे मला माहीत आहे.

पण मला खरं घाबरवलं ते त्यांच्या बोटांनी. उपदेश चालू असताना ते एक कान किंचित वर करून बसायचे, आणि त्यांची बोटं बाकाच्या कडेवर वाजायची. संथ ठेका, शेवटचा ठोका अर्धा सोडलेला. तो ठेका त्या दुपारी मी एकटीनं ऐकला होता. मास्तर तेव्हा टेकाडावर होते.

मंडळीच्या पंचांनी कुरकुर केली तेव्हा पाळकसाहेबांनी मास्तरांना चर्चच्या ओट्यावर बोलावलं. साहेब मऊ स्वभावाचे. मी आत प्याले पुसत होते.

"मास्तर, गेलेल्या माणसाला प्रभुभोजन देणं शास्त्रात कुठं नाही हो."

"त्याला न देणं बी शास्त्रात कुठं नव्हतं, साहेब."

साहेब ओट्याच्या कडेला टेकले. "बरं, ते असू द्या. पण तुम्ही स्वतः कावून घेत न्हाई?" ते नकळत मास्तरांच्याच बोलीत आले होते.

"माझा नंबर त्याच्या मागं हाय."

"अहो, कृपा आहे ती. तिला कसला आलाय नंबर?"

"ते तुमी फोनवर बी म्हणलात," मास्तर म्हणाले. "मला पोचायला उशीर झाला."

मला तेव्हा त्यांचा राग यायचा, हे कबूल करते. अप्पांना देताना एक नियम आडवा आला, आणि अप्पा गेल्यावर या माणसानं स्वतःसाठी दुसरा नियम केला. तोही पहिल्यासारखाच कडक, त्यातूनही सुटका नाही. पण माझ्या रागात आणखी काहीतरी होतं. प्याला माझ्या हाताच्या अंतरावर होता, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

अशी पाच वर्षं गेली. यंदा उन्हाळ्यात मी घरी आले होते. पहिला रविवार होता आणि मास्तर आले नाहीत. ते आठ दिवसांपासून अंथरुणावर आहेत, असं माय म्हणाली. मी भिंतीपाशी गेले आणि हलगीवर हात ठेवला. ती गरम होती. या वेळी शंकेला जागा नव्हती. आत्ताच जाळावरून उतरवल्यासारखी कातडी ताणलेली होती, आणि नख लागलं तशी ती टणकन वाजली. चुलीपाशी मायच्या हातातली पळी थांबली.

उपासना झाली. प्याले धुवायला घेतले तेव्हा एक भरलेला उरला होता. मी तो उचलला, चपातीचा एक तुकडा घेतला आणि निघाले.

"कुठं न्हेतीस?" माय म्हणाली.

"मास्तरांना."

"साहेबांना विचारलंस?"

"न्हाई."

मायनं माझ्याकडं बघितलं. मग दारातला दगड पायानं बाजूला करून वाट मोकळी केली. "नीट जा. सांडशील."

मास्तर खाटेवर भिंतीला टेकून होते. डोळे मिटलेले, पण बोटं खाटेच्या कडेवर वाजत होती. तोच ठेका. मी स्टूल ओढून बसले. त्यांनी डोळे उघडले आणि प्याला बघितला.

"साहेबांना विचारलं?"

"न्हाई."

"पंचांना?"

"न्हाई."

"मग तुला अधिकार कुणी दिला?"

"कुणीच न्हाई," मी म्हणाले. "त्या दिवशी बी कुणी दिला नव्हता. तुमी टेकाडावर गेलतात तेव्हा अप्पांनी माझ्याकडं मागितलं. दे ना गं म्हणाले. प्याला हितं होता मास्तर, एवढ्यावर. मी दिला न्हाई. तुमी येईपर्यंत थांबा म्हणाले."

बोटं चालूच होती. ते माझ्याकडं बघत राहिले. मग दुसऱ्या हातानं उशीखाली चाचपलं आणि कबुलीपत्राचा घडीचा कागद काढला. कडा झिजून मऊ झालेल्या होत्या.

"आधी हे वाच. यात आता माझं नाव हाय. सही बी केलीय, अंगठा बी दिलाय. पंच वाचू देईनात. तू वाच मोठ्यानं, मग दे."

मी कागद घेतला. उघडला नाही.

"आधी घ्या."

"अगं, पण रीत—"

"घ्या मास्तर."

त्यांचे ओठ हलले. ते काही मोजत होते की प्रार्थना करत होते, मला कळलं नाही. मग त्यांनी तोंड उघडलं, आमच्या शाळेतली लहान पोरं औषधाला उघडतात तसं. मी तुकडा ठेवला. प्याला लावला. त्यांनी तो सगळा घेतला.

"गोड हाय," ते म्हणाले. त्याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

मग त्यांनी नेहमीसारखा एक कान वर केला. मीही ऐकायला लागले. बोटं थांबली होती. शेवटचा ठोका त्यांनी पूर्ण वाजवला होता, आणि तो मी ऐकला होता.

"थांबलं," मास्तर म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी आत हाक मारली. "अगं, आज कोंबडीनं दिलंय का?"

"दिलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फुली मारून ठेवलंय वाटीत."

"मला पोळून दे."

मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "रविवार हाय."

"मला ठाव हाय."

त्यांनी दारातूनच माझ्याकडं बघितलं, रिकाम्या प्याल्याकडं बघितलं. चाळीस वर्षांत त्या घरची चूल रविवारी पेटली नव्हती. "काड्या हायेत, पर कागद न्हाई पेटवायला," त्या म्हणाल्या आणि माझ्या हाताकडं बोट केलं. "तो कामाचा हाय का?"

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"न्हाई," मी म्हणाले आणि कबुलीपत्र मास्तरीणबाईंच्या हातात दिलं.

त्या पोळलेल्या अंड्याचा वास अंगणभर सुटला. कुंपणापलीकडून मेंढरंवाला ओरडला, "आज माझं अंडं कोन खातंय बे?" मास्तर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. पुढचा पहिला रविवार यायच्या आत ते गेले.

त्या रविवारी मी घरी परत आले तेव्हा माय भिंतीपाशी उभी होती. "बघ," म्हणाली. मी हलगीवर तळहात ठेवला. गार होती. कातडं ढिलं पडलं होतं, बोटानं दाबलं तर आत जात होतं.

पाच वर्षांत माय अप्पांसाठी रडली नव्हती. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "गेले गं तुझे अप्पा. आता उतरव ती."

मी हलगी उतरवली. धुरकटलेल्या भिंतीवर तिच्या मागं तेवढाच एक पांढरा गोल राहिला.